स्तन राखला, तर जीव धोक्यात येतो का?

पत्र: डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ४७. तासगाव तालुक्यात राहते, द्राक्षबाग आहे. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. मॅमोग्राफीत २.३ सेंटीमीटरची एकच गाठ आली आणि बायॉप्सीत कॅन्सर निघाला. काखेच्या सोनोग्राफीत काही नाही. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू २+, फिश तपासणी करावी’ असं लिहिलंय, पण त्याबद्दल पुढे कुणी काही बोललं नाही. सर्जन म्हणतात, फक्त गाठ काढू, स्तन राहील, पण नंतर रेडिएशन घ्यावंच लागेल. पुढच्या मंगळवारची तारीख दिली आहे. नणंदबाई म्हणतात, “हराळी मुळासकट उपटावी लागते. दोन लेकरं वाढवून झाली, आता काय करायचंय ठेवून?” मुलगी पुण्यात नोकरी करते. ती म्हणते, सगळं काढ आणि त्याच वेळी नवीन बनवून घे. मालक म्हणतात, तू म्हणशील तसं. माझी मावशी पोटाच्या कॅन्सरने गेली. मला स्तन राहिला तर हवा आहे. हे बोलायची लाज वाटते, आणि त्यापायी जीव तर जाणार नाही ना, ही भीतीही वाटते. त्यात ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. काय करू?

उत्तर:

नाही, त्यापायी जीव जाणार नाही. तुमच्यासारख्या लवकर सापडलेल्या आजारात गाठ नीट काढली आणि नंतरचं रेडिएशन पूर्ण घेतलं, तर स्तन राखल्याने आयुष्य कमी होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही जरा शांतपणे वाचाल. मात्र मंगळवारची तारीख पुढे ढकला. घाबरून नव्हे, एक महत्त्वाचा रिपोर्ट यायचा आहे म्हणून. त्याकडे येतेच, पण आधी नणंदबाईंना उत्तर देऊ.

त्यांचं म्हणणं खुळचट नाही. जगातले मोठमोठे सर्जन पाऊणशे वर्षं नेमकं हेच म्हणत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिकाग्रंथी) असं सगळंच काढून टाकत. छातीच्या फासळ्या कातडीखाली मोजता येतील अशी अवस्था व्हायची, खांदा आखडायचा, हात सुजायचा. यामागचा समज असा होता की कॅन्सर एका जागेवरून हळूहळू बाहेर पसरत जातो, त्यामुळे जितकं लांबवर कापाल तितकी बाई सुरक्षित. मग कापण्याची हद्द वाढतच गेली. बायका मात्र तरीही दगावत होत्या.

पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी वेगळा विचार मांडला. स्तन काही हृदय किंवा मेंदू नाही. स्तनातल्या गाठीने कुणी मरत नाही. माणूस जातो तो यकृतात, फुप्फुसात, हाडांत, मेंदूत पोचलेल्या पेशींमुळे. त्या पेशी पोचायच्या असतील तर रक्तातून आधीच पोचलेल्या असतात, मग छातीवरची जखम तीन इंचांची असो की दहा इंचांची. नणंदबाईंच्या हराळीचंच घ्या. तिच्या काड्या शेजारच्या वावरात आधीच जाऊन पडल्या असतील, तर आपला बांध कितीही खोल खणला तरी त्या वावरात काय फरक पडणार? तिथे औषधच मारावं लागतं. कॅन्सरमध्ये हे औषध म्हणजे केमो, हार्मोनच्या गोळ्या, हर-टू या गाठीच्या पेशींवरच्या प्रथिनावरची इंजेक्शनं. ती द्यायची की नाही हे गाठीच्या स्वभावावर आणि आजाराच्या टप्प्यावर ठरतं. स्तन ठेवला की काढला, यावर ते ठरत नाही. “काढून टाकला की केमो वाचेल” असं कुणी सांगितलं असेल, तर ते डोक्यातून काढून टाका.

फिशर नुसतं बोलून थांबले नाहीत. १९७६ पासून ४ सेंटीमीटरपर्यंतची गाठ असलेल्या बायकांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला, दुसऱ्याची फक्त गाठ काढली, तिसऱ्याची गाठ काढून रेडिएशन दिलं. १,८५१ बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये निकाल छापला. जगण्यात तिन्ही गटांत फरक नव्हता. त्याच वर्षी इटलीतल्या मिलानच्या डॉ. उम्बेर्तो वेरोनेसी यांनीही आपल्या ७०१ रुग्णांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांनी तर हॉल्स्टेडची जुनी शस्त्रक्रिया आणि स्तनाचा चौथा हिस्सा काढून रेडिएशन, यांची थेट तुलना केली होती. त्या रुग्णांच्या गाठी २ सेंटीमीटरपर्यंतच्या होत्या. जगण्याचं प्रमाण तिथेही सारखंच आलं. हे निकाल वीस वर्षांनी अचानक उमगले असंही नाही. १९९० मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की लवकरच्या टप्प्यातल्या बहुतेक बायकांसाठी स्तन राखणं हाच अधिक चांगला मार्ग आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी ठिकाणी ‘सेफ साइड’ म्हणून अख्खा स्तन काढला जातो. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण ते असो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. राखलेल्या स्तनात आजार पुन्हा येऊ शकतो. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या सुमारे १४ जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. ज्यांनी रेडिएशन घेतलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. हे दोन आकडे नणंदबाईंनाही दाखवा. आज तपासण्या सुधारल्या, औषधं आली, त्यामुळे १४ चा आकडा पुष्कळ खाली आला आहे. तो शून्य मात्र झालेला नाही. पुन्हा गाठ आली तर बहुधा पूर्ण स्तन काढावा लागतो. तसं पाहिलं तर पूर्ण स्तन काढलेल्या बाईलाही छातीच्या कातडीत, टाक्यांच्या व्रणाजवळ आजार परत येऊ शकतो. प्रमाण थोडं कमी, एवढंच.

तेव्हा तुमचा खरा निर्णय रेडिएशनचा आहे. ते पूर्ण होणार असेल, तरच स्तन राखा. वॉर्डात बायका त्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात. दुखत नाही, भाजल्यासारखं जाणवत नाही, मशीनखाली काही मिनिटं पडून राहायचं असतं. पण आठवड्यातून पाच दिवस रोज जावं लागतं. पूर्वी याला पाच आठवडे लागायचे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर आता तीन आठवड्यांत पंधरा वेळा द्यायची पद्धत रुळली आहे. २०२० मध्ये तर पाचच दिवसांच्या वेळापत्रकाचे चांगले निकाल आले, पण ते सगळ्यांना लागू होत नाही. ४७ हे वय तसं तरुण धरतात, त्यामुळे गाठीच्या जागेवर वरून काही जादा डोस देतील, तेवढे दिवस वाढतील. मिरज-कोल्हापूरला रेडिएशनची सोय आहे, घरून जाऊन-येऊन करता येतं. बाजू डावी आहे, म्हणजे खाली हृदय. म्हणून ‘श्वास भरून रोखून’ रेडिएशन द्यायची पद्धत तुमच्याकडे आहे का, हे मुद्दाम विचारा. छाती फुगली की हृदय किरणांपासून थोडं लांब सरकतं, इतकी साधी गोष्ट आहे. त्या दिवसांत कातडी काळवंडते, खाजते, शेवटी थकवा येतो. कुणी प्रेमाने हळद-खोबरेल लावायला सांगेल. तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काही लावू नका.

छाटणीचं म्हणाल तर रेडिएशन शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. जखम भरल्यावर, आणि केमो लागली तर बहुधा केमो संपल्यावर. म्हणजे छाटणीच्या दिवसांत तुम्ही कदाचित ऑपरेशनच्या किंवा केमोच्या टप्प्यात असाल. यंदाच्या हंगामापुरती मजुरांची, डबे पोचवण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्या. “तू म्हणशील तसं” म्हणणाऱ्या मालकांना द्यायला हे काम उत्तम आहे. त्यांना काहीतरी करायचं असतं, पण काय करावं ते सुचत नाही. रोज मिरजेला गाडीने नेणं-आणणं हेही त्यांचंच.

आता मंगळवारचं. हर-टू २+ म्हणजे धड ‘पॉझिटिव्ह’ही नाही आणि धड ‘निगेटिव्ह’ही नाही. फिश तपासणीत हर-टूचं जनुक पेशींत जास्त आहे का ते बघतात, त्यानंतरच ते ठरतं. बायॉप्सीच्या लॅबमधून तुमचा ‘ब्लॉक’, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मागून घ्या आणि फिश करायला द्या. साधारण आठवडा-दहा दिवसांत रिपोर्ट येतो. यासाठी थांबायचं कारण असं की हर-टू पॉझिटिव्ह निघाला, तर २ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठीला बहुतेक मोठ्या केंद्रांत आधी केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं इंजेक्शन) देतात, शस्त्रक्रिया नंतर. त्याने गाठ लहान होते, कधी पूर्ण विरघळते, आणि औषधाचा तुमच्यावर कितपत परिणाम होतो हे डोळ्यांसमोर दिसतं. शस्त्रक्रियेनंतर कुठलं औषध पुढे चालवायचं, हे त्यावरून ठरवता येतं. एकदा गाठ काढली की ही संधी गेली. असं ठरलं, तर केमोआधी गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवून घ्या. गाठ विरघळली तर सर्जनने नेमकं कुठे कापायचं, हे त्या क्लिपवरूनच कळतं. फिश निगेटिव्ह आलं, तर सर्जन म्हणतात तसं आधी ऑपरेशन करायला हरकत नाही.

“पण थांबलं तर पसरणार नाही का?” हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय. हाताला लागेपर्यंत गाठीला बहुधा काही वर्षं लागलेली असतात. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन्‌महिने झाडपाला, भस्म आणि ‘बघू पुढच्या अमावास्येनंतर’ यात घालवल्याने. तुम्ही तसं केलं नाही, सुईची बायॉप्सी करून घेतलीत, हे फार चांगलं झालं. कितीजणी अशा येतात की गावातच कुणीतरी ‘साधी गाठ’ म्हणून काढून टाकलेली असते, काढलेल्या तुकड्याच्या कडांवर कॅन्सर उरलाय का ते तपासलेलं नसतं, रिपोर्ट नसतो. तिथून सगळं नव्याने सुरू करावं लागतं.

मावशीचं मात्र नीट शोधा. ‘पोटाचा कॅन्सर’ असं आपल्याकडे जठराच्या, आतड्याच्या, गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्याही कॅन्सरला सरसकट म्हणतात. तिच्या मुलांकडे जुनी फाइल असेल तर बघायला सांगा. अंडाशयाचा असेल, तर तुमची बीआरसीए जनुकांची (त्यांतल्या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका घराण्यात चालत येतो) रक्ततपासणी व्हायलाच हवी. तुमचं वय पन्नासच्या आत असल्याने ती एरवीही करावी, असं अनेक तज्ज्ञ सांगतील. त्यात दोष सापडला तरी स्तन राखायचं दार बंद होत नाही. पण मग प्रश्न या एका गाठीपुरता राहत नाही. अशा स्त्रियांना आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तरच्या घरात असते. दोन्ही स्तनांचं आणि अंडाशयांचं पुढे काय करायचं, हे सावकाश बसून बोलावं लागतं. पुण्याच्या लेकीचा संबंध येतो तो इथे. तिने घाबरायचं नाही, पण तुमचा निकाल येईपर्यंत तिला हे माहीत असू द्या.

स्तन राखता येणार नाही, अशी काही कारणं असतात. एकाच स्तनात दूरदूर दोन-तीन गाठी असणं, मॅमोग्राफीत संशयास्पद कण सगळीकडे विखुरलेले असणं, कडा पुन्हापुन्हा अशुद्ध येणं, आजार कातडीत लाल-सुजलेला उतरलेला असणं, त्याच जागी पूर्वी रेडिएशन झालेलं असणं, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही. उरतो एक प्रश्न, तो कागदावरून सुटत नाही: गाठ २.३ सेंटीमीटरची, पण स्तन केवढा? भरलेल्या स्तनातून एवढी गाठ काढली तर कळतही नाही. लहानशा स्तनातून काढली, विशेषतः खालच्या किंवा आतल्या बाजूने, तर खड्डा पडतो आणि स्तनाग्र एकीकडे ओढलं जातं. याच कारणाने ‘ऑन्कोप्लास्टिक’ शस्त्रक्रिया आली. गाठ काढून झाल्यावर उरलेल्या स्तनाचा भाग सरकवून खड्डा भरायचा, किंवा काखेखालच्या बाजूची चरबी-कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून आत आणायची. स्तन मोठे आणि उतरलेले असतील, तर आकार लहान करण्याचीच शस्त्रक्रिया त्यातून करतात, आणि हवं तर दुसरी बाजूही त्याच मापाची. तुमचे सर्जन हे करतात का, की ते प्लास्टिक सर्जनला सोबत घेतात, हे विचारा. पुनर्रचनेचा विचार इथूनच सुरू होतो, आणि बऱ्याच जणींचं काम इथेच भागतं.

ऑपरेशनच्या टेबलावर काय होतं, तेही थोडं. काढलेल्या तुकड्याला चहूबाजूंनी शाई लावून तो पॅथॉलॉजीला जातो. शाईच्या रेषेवर कॅन्सरची पेशी नको, एवढीच आजची अपेक्षा आहे. अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये हे ठरवून टाकलं. त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपापल्या मनाने दोन मिलिमीटर, पाच मिलिमीटर मागत होता आणि बायकांची विनाकारण दुसरी ऑपरेशनं होत होती. कडेवर पेशी सापडल्या, तर तुम्हालाही पुन्हा थोडं कापावं लागेल. त्याची मनाची तयारी असू द्या. तसं झालं म्हणजे काही चुकलं असं नाही. काखेतल्या सगळ्या गाठी काढायची घाई मात्र नको. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या दोन-चार गाठी शोधतात आणि तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या, तर बाकीच्यांना हात लावायचं कारण नसतं, आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. निळा रंग वापरला, तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते. नवऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री धावपळ व्हायची.

एक आपल्या मातीतली गोष्टही सर्जनसमोर ठेवा. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या १,६०० स्त्रियांवर एक अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी निम्म्या जणींच्या गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसलं बधिर करायचं औषध टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, तर घेतलेल्यांत ९०.१ टक्के आलं. औषध अगदी स्वस्त. सगळीकडे अजून हा रिवाज झालेला नाही, आणि आधी केमो घेतलेल्या बायका त्या अभ्यासात नव्हत्या. पण तुमचं आधी ऑपरेशनच ठरलं, तर “हे द्याल का?” असं विचारायला संकोच नको.

आता लेकीचं. “सगळं काढ आणि नवीन बनव” हे ऐकायला स्वच्छ वाटतं, कारण फोटोत टाके दिसत नाहीत. पूर्ण स्तन काढून पुनर्रचना करण्याचे मुख्य दोन मार्ग. एक, सिलिकॉनचा इम्प्लांट: ऑपरेशन छोटं, पण ती वस्तू परकी. पुढे बदलावी लागू शकते, आणि त्यावर रेडिएशन पडलं तर तिच्याभोवतीचं वेष्टन कडक होऊन आकार बिघडण्याची शक्यता बरीच वाढते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटमुळे क्वचित एक वेगळा लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) झाल्याचं दिसल्यावर २०१९ मध्ये अशी काही उत्पादनं जगभरातून मागे घेण्यात आली. म्हणून कुठला बसवणार, हे नावानिशी विचारावं. दुसरा मार्ग स्वतःच्याच मांसाचा: पाठीचा स्नायू काखेखालून फिरवून पुढे आणायचा, किंवा बेंबीखालची चरबी-कातडी छातीवर न्यायची. पोटाचं ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून करतात तेव्हा पूर्ण दिवस खातं. पोटावर आडवा व्रण राहतो. उभं राहून नीट चालायला काही आठवडे जातात. मिळतं ते मऊ, उबदार, वजन वाढलं-घटलं की सोबत वाढणारं-घटणारं. दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती फोटो सांगत नाही: स्पर्शाची जाणीव बहुतांशी जाते. स्तनाग्र नव्याने करता येतं, गोंदवूनही घेता येतं, पण त्याला संवेदना नसते. राखलेल्या स्तनात ती पुष्कळशी टिकते. मुलीला हे सांगा. आईने मुलीशी असलं काही बोलायचं नसतं, असं तुम्ही म्हणाल. ती मोठी झाली आहे, बोला.

तरीही पुढे काही कारणाने पूर्ण स्तन काढावा लागलाच, तर पुनर्रचना त्याच वेळी करता येते, किंवा वर्ष-दोन वर्षांनी उपचार आटोपल्यावरही. तिच्यामुळे आजार परत येण्याची शक्यता वाढत नाही. आणि काहीही न बनवता सपाट राहणं हाही पूर्ण, शहाणा निर्णय आहे. ब्रेसियरमध्ये बसणारे सिलिकॉनचे स्तन मिळतात, धाग्याचे विणलेले हलकेही मिळतात. शेतात उन्हात काम करणाऱ्या बायका सहसा विणलेलेच पसंत करतात, कारण त्यांच्याखाली घाम कमी धरतो.

राहिली लाज. “दोन लेकरं वाढवून झाली, आता काय करायचंय” या वाक्यात असं गृहीत धरलंय की स्तन म्हणजे दूध पाजायचं भांडं, काम झालं की फळीवर ठेवायचं. तुमचं शरीर तुमचं आहे. ते तुम्हाला आरशात दिसतं, ब्लाउज घालताना जाणवतं, नवऱ्याशेजारी झोपताना असतं. सत्तेचाळीसच काय, सत्तराव्या वर्षीही “मला राहिला तर हवा” एवढं कारण पुरेसं आहे, आणि तुमच्या बाबतीत शास्त्रही तेच सांगतं. सर्जनसमोर हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. नणंदबाईंना काही वावगं वाटून त्या असं म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांनी गावात उशिरा पोचलेल्या बायका पाहिल्या असतील. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. घरात वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडेल.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा, आणि ऑन्कोप्लास्टिक किंवा पुनर्रचनेचा खर्च पॅकेजमध्ये बसतो का हे ऑपरेशनआधी विचारून घ्या, नंतर नको. दुसरं मत हवं असेल तर मुंबईला जायलाच हवं असं नाही. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रं पाठवून मिळतं. मुलगी ते घरबसल्या करू शकेल. जावं लागलंच, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि सोबतच्यांची सोय होते, आणि कॅन्सरच्या रुग्णांना रेल्वे तिकिटात मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

उपचार संपले की दर वर्षी मॅमोग्राफी. ईआर-पीआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी आहे, त्यामुळे हार्मोनची गोळी निदान पाच वर्षं रोज घ्यावी लागेल, काहींना दहा. गरम वाफा येतात, पाळी बदलते, चिडचिड होते. कित्येकजणी दोन वर्षांत मनानेच ती बंद करतात, आणि हे मला स्तन ठेवण्या-काढण्याच्या सगळ्या वादापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. त्रास झाला तर गोळी बदलता येते; न सांगता सोडू नका.

आज-उद्या एवढं करा: सर्जनना फोन करून “फिशचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू का?” असं सरळ विचारा, ब्लॉक लॅबमधून काढून तपासणीला द्या, आणि मावसभावाला मावशीची फाइल शोधायला सांगा. फिशचा रिपोर्ट आणि मावशीची फाइल हातात आली की पुन्हा लिहा, गाठ घड्याळाच्या कुठल्या आकड्याच्या दिशेने आहे हेही मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधून उतरवून पाठवा. मग ऑन्कोप्लास्टिकची गरज पडेल का, यावर नीट बोलता येईल.